नोंद लिहायला शिकताना

‘नाव’ हा शब्द ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. पण त्याची शब्दकोशातली नोंद लिहायला बसले की पहिल्या ओळीलाच थबकावे लागते. माणसाचे नाव नपुंसकलिंगी, नदीतली नाव स्त्रीलिंगी. पहिल्याचे अनेकवचन ‘नावे’, दुसरीचे ‘नावा’. विभक्तीचा प्रत्यय लागताना होणारे सामान्यरूप पाहिले तर चित्र पालटते: ‘नावाला’, ‘नावात’ हे माणसाच्या नावाचे, तर ‘नावेला’, ‘नावेत’ हे होडीचे. म्हणजे ‘नावा’ हे एका शब्दाचे एकवचनी सामान्यरूप आणि दुसऱ्याचे अनेकवचन आहे. ‘नावे’च्या बाबतीत नेमके याच्या उलट. दोघांचे मूळही एक नाही. एक संस्कृत ‘नामन्’पासून प्राकृताच्या वाटेने आला, दुसरा ‘नौ’पासून. ‘नामन्’मधला ‘म’ झिजला आणि त्याचा अनुनासिक तेवढा मागे उरला, म्हणून जुने लोक ‘नांव’ लिहीत. ‘ग्राम’चे ‘गांव’ झाले तेही असेच. १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम स्वीकारले, उच्चारात न राहिलेले अनुस्वार गेले, आणि कागदावर वेगळे दिसणारे हे दोन शब्द सारखे दिसू लागले.

हे सगळे तपशील एका पानावर, ठरलेल्या क्रमाने आणि कुणालाही तपासून पाहता येतील असे मांडायचे, याला नोंद लिहिणे म्हणतात. मराठी घरात वाढलेल्याला यातले बहुतेक न शिकताच येत असते. ‘नावेत पाणी शिरले’ आणि ‘नावात चूक झाली’ यांत तो कधी गल्लत करत नाही. मात्र आपल्याला काय येते हे कुणाला दाखवून देण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते. सामूहिक ऑनलाइन शब्दकोशाचे संपादन शिकणे म्हणजे मुख्यतः हेच शिकणे: कानाला जे पटते त्याला पुरावा जोडायचा, आणि पुरावा संपतो तिथे थांबायचे. या पुस्तिकेचा भर त्यावर आहे. बटणे, साचे आणि खुणा पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. त्या एका आठवड्यात अंगवळणी पडतात. पुराव्याची सवय लागायला जास्त काळ जातो.

ज्या कोशाबद्दल हे लेखन आहे तो म्हणजे विक्शनरी. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २००२ मध्ये त्याचे हे शब्दकोशरूपी भावंड इंग्रजीत अवतरले. सर्व भाषांतील सर्व शब्द नोंदवणे हे त्याचे जाहीर ध्येय. पुढे इतर भाषांतल्या आवृत्त्या आल्या, त्यांत मराठीही आहे. नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. इंग्रजी विक्शनरी म्हणजे इंग्रजी शब्दांचा कोश नव्हे. तिथे जगातल्या कुठल्याही भाषेचा शब्द असू शकतो, फक्त त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितलेला असतो. तसेच मराठी विक्शनरीत मराठी, तमिळ, फ्रेंच असे सगळे शब्द बसतात आणि अर्थ मराठीत दिला जातो. शिवाय एकाच लेखनाच्या सगळ्या भाषांतल्या शब्दांसाठी पान एकच असते. ‘नाव’ या पानावर मराठीच्या खाली हिंदीतली ‘नाव’ही येते, आणि प्रत्येक भाषेला आपले स्वतंत्र शीर्षक लागते. मराठी शब्दाचा अर्थ हिंदीच्या शीर्षकाखाली लिहिणे ही नवशिक्यांकडून सर्वाधिक होणाऱ्या चुकांपैकी एक, आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपी.

अनेकांनी मिळून कोश करणे ही इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही. १८२९ साली छापलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ शास्त्र्यांच्या एका मंडळाने रचला होता. १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश एका लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. पण जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंची साथ आणि शब्द गोळा करणाऱ्या, अर्थ पारखणाऱ्या पंडितांचे श्रम नसते तर तो उभा राहिला नसता. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली आणि तिच्यात सुमारे ६०,००० शब्द होते. योगायोगाने त्याच वर्षी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने कोशांतून सुटलेले इंग्रजी शब्द जमवण्यासाठी एक समिती नेमली. त्यातून पुढे ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोश जन्मला. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्द जिथे वापरलेला दिसेल ते वाक्य ग्रंथाच्या नावासह आणि पानासह कागदाच्या चिठ्ठीवर उतरवा, आणि पाठवा. चिठ्ठ्यांचा ओघ वर्षानुवर्षे चालू राहिला. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, मरे यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

पुण्यात या पद्धतीचा प्रचंड नमुना आजही आहे. डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत शब्दकोशाचे काम हाती घेतले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून कोटीभर चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला खंड १९७६ साली छापायला सुरुवात झाली. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा संदर्भ, त्याचे वाक्य. विक्शनरीवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने चिठ्ठीची ही रीत समजून घ्यावी, कारण ऑनलाइन नोंदीतले चांगले उद्धरण म्हणजे तीच चिठ्ठी आहे. फरक इतकाच, की मरे यांच्या कोठीतली चिठ्ठी संपादकालाच दिसे. इथे ती वाचकासमोर उघडी असते, आणि ती कुणी, कधी, कोणत्या कारणाने लावली, काढली किंवा बदलली हे ‘इतिहास’ या दुव्याखाली कुणालाही वाचता येते.

आता प्रत्यक्ष पानाकडे वळू. पहिला प्रश्न शीर्षकाचा, आणि देवनागरीत तो दिसतो तितका सरळ नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. हा अर्ध्या ‘र’चा फरक मराठी लेखनात जपावाच लागतो. पण संगणकावर तो उमटवण्याच्या दोन पद्धती आहेत: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक सांधणारे चिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. परिणामी ‘वऱ्हाड’ची दोन पाने निर्माण होऊ शकतात आणि शोधणाऱ्याला त्यातले एकच सापडते. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत, आणि तशी लिहिलेली ‘ॲप’, ‘ॲसिड’ अजून जागोजागी आहेत. म्हणून नवे पान उघडण्यापूर्वी शब्द दोन्ही प्रकारांनी शोधून पाहावा. दुसरे पान खरोखरच हवे असेल तर ते केवळ मुख्य पानाकडे नेणारे असावे.

जुन्या लेखनासाठी मात्र खरी नोंद हवी. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ ही रूपे चुकीची नाहीत. ती त्यांच्या काळची प्रमाण रूपे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ती भेटणारच, मग तो मुंबईचा असो की टोकियोचा. ‘नाव या शब्दाचे १९६२ पूर्वीचे लेखन’ एवढी एक ओळ त्याचे काम करते.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम रूपांचे आहे. छापील कोशात ‘देऊळ’ मिळते, ‘देवळात’ मिळत नाही. ‘सशाला’ वाचणाऱ्याने ‘ससा’पर्यंत, ‘भावाने’ वाचणाऱ्याने ‘भाऊ’पर्यंत, ‘विहिरीतून’ वाचणाऱ्याने ‘विहीर’पर्यंत स्वतःच पोहोचावे अशी कोशकारांची अपेक्षा असे. मराठी घरातल्याला ते जमते. परदेशात वाढलेल्या मराठी मुलाला, नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेल्या तमिळ माणसाला किंवा शब्द मोजणाऱ्या संगणकाला ते जमत नाही. ऑनलाइन कोशात कागदाची टंचाई नसल्याने प्रत्येक रूपाला स्वतःचे छोटे पान देता येते, आणि मूळ नोंदीत सगळ्या रूपांचा तक्ता लावता येतो. तक्ता बहुधा साचाच, म्हणजे दिलेल्या माहितीवरून मजकूर आपोआप मांडणारा तयार नमुना, भरतो. संपादकाने लिंग आणि सामान्यरूप दिले की पुरते. पण साचा चुकला तर पंचवीस रूपे एकदम चुकतात. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वी झलक पाहून एकेक रूप मोठ्याने वाचावे. ‘फूल’चे ‘फूलाला’ झालेले कानाला तत्काळ खटकते.

लिंगाची गोष्ट आणखी बारीक आहे. ‘वेळ’ हा शब्द पुल्लिंगी असताना कालावधी सांगतो आणि स्त्रीलिंगी असताना नेमका क्षण: ‘फार वेळ लागला’, पण ‘जेवायची वेळ झाली’. इथे लिंग बदलले की अर्थ बदलतो, तेव्हा दोन अर्थ दोन लिंगांसह वेगळे मांडायला हवेत. ‘बाग’ मात्र काहींच्या बोलण्यात पुल्लिंगी, काहींच्या स्त्रीलिंगी, अर्थ तोच. नव्याने आलेल्या शब्दांचा तर अजून निकालच लागायचा आहे: मेल आला की मेल आली? इथे संपादकाने न्यायाधीश होऊ नये. दोन्ही वापर छापील मजकुरात दाखवता येत असतील तर दोन्ही लिंगे नोंदवावीत, आणि कोणते कुठे ऐकू येते हे माहीत असेल तर तेही. आपल्या घरात बोलले जाते तेच प्रमाण, या समजुतीने दुसऱ्याने लिहिलेले लिंग खोडणे हा चर्चा पानांवरच्या भांडणांचा नेहमीचा उगम आहे.

उच्चाराबाबत देवनागरी आपल्याला थोडा चकवा देते. ती जसे लिहितो तसे वाचायची लिपी आहे असे शाळेत शिकवले जाते, आणि मग ‘जरा’ समोर येते. ‘जरा थांब’मधला ‘ज’ दातांजवळचा, म्हातारपण या अर्थीच्या ‘जरा’तला ‘ज’ तालव्य. जगातला ‘जग’ आणि ‘सुखाने जग’मधला ‘जग’ यांतही तोच भेद. ‘चार माणसे’ आणि ‘गुरांना चार’ यांतला ‘च’ एक नाही. लिपी हा फरक दाखवत नाही, म्हणून नोंदीत आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतला उच्चार किंवा ध्वनिमुद्रण हवे. लिंग्वा लिब्रे या साधनाने शब्दांची यादी समोर ठेवून एकामागून एक उच्चार मुद्रित करता येतात आणि ते विकिमीडिया कॉमन्सवर सर्वांना वापरायला खुले होतात. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे पण आवाज स्वच्छ आहे, अशा आजी-आजोबांना या कामात जरूर ओढावे. साताऱ्याचा, नागपूरचा आणि तंजावरच्या मराठी घरातला ‘च’ शेजारी शेजारी ऐकायला मिळणे ही कोणत्याही छापील कोशाला न परवडणारी चैन आहे.

अर्थ लिहिणे हे सगळ्यांना सोपे वाटते आणि तिथेच सर्वाधिक नोंदी फसतात. ‘तूप’ म्हणजे घृत आणि ‘घृत’ म्हणजे तूप, असे लिहिले की वाचक दोन पानांमध्ये फिरत राहतो. चांगली व्याख्या वस्तूपर्यंत नेते: लोणी कढवून, त्यातला पाण्याचा अंश आणि बेरी काढून उरणारा स्निग्ध पदार्थ. भाकरीची व्याख्या करायची तर धान्य, थापणे, तवा आणि विस्तव या चारही गोष्टी यायला हव्यात, कारण पोळीपासून ती त्यांनीच वेगळी होते. उलट, पौष्टिक आहे, ग्रामीण संस्कृतीचा आत्मा आहे असली वाक्ये नोंदीत नकोत; त्यांची जागा निबंधात. ‘भाकरी फिरवणे’ हा वाक्प्रचार मात्र स्वतंत्र पानाचा हक्कदार आहे. पदावर फार काळ बसलेल्यांना हलवून नव्यांना आणणे, हा त्याचा अर्थ भाकरी आणि फिरवणे हे दोन शब्द वेगवेगळे पाहून कुणाला कळणार नाही, आणि राजकीय बातम्यांत त्याचा वापर शोधायला अर्धा तासही लागत नाही.

मग व्युत्पत्ती. इथे उत्साह सर्वांत जास्त आणि काळजी सर्वांत कमी आढळते. पाव पायांनी तुडवून करत म्हणून पाव, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शब्द पोर्तुगीज ‘पाँव’ या पावाच्याच नावावरून आला आहे. पगार, चावी, साबण, घमेले, लिलाव, बटाटा हेही त्याच बंदरातून उतरले. सांबारचे नाव संभाजीराजांवरून पडले ही तंजावरची कथा तितकीच लोकप्रिय आहे, पण ती कोशात व्युत्पत्ती म्हणून घालायची तर त्या काळचा लेखी आधार दाखवायला हवा. ‘हस्त’–‘हत्थ’–‘हात’, ‘दुग्ध’–‘दुद्ध’–‘दूध’ अशा साखळ्या ध्वनिनियमांनी सिद्ध आहेत आणि राल्फ टर्नर यांच्या १९६०च्या दशकातल्या इंडो-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात त्या एका जागी पाहता येतात. मराठीपुरते कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताशी ठेवावा.

पण सगळे शब्द इतके आज्ञाधारक नसतात. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ रचली ती संस्कृतात ज्यांचे मूळ लागत नाही अशाच शब्दांसाठी. ‘तूप’ घ्या. प्राकृतात ‘तुप्प’ आहे, कन्नडातही ‘तुप्प’ आहे. कुणी कुणाकडून घेतला यावर मतभेद आहेत. अशा वेळी नोंदीत दोन्ही मते, ती मांडणाऱ्यांच्या नावांनिशी, यावीत. विक्शनरीच्या साच्यांतही हा विवेक बांधलेला आहे: पिढीजात आलेला शब्द, उसना घेतलेला शब्द आणि कसातरी संबंधित असलेला शब्द यांसाठी तीन वेगवेगळे साचे आहेत. ‘हात’ पिढीजात, ‘हस्त’ संस्कृतातून थेट उचललेला, ‘टेबल’ इंग्रजीतून उसना. साचा निवडतानाच संपादकाला आपला दावा नेमका काय आहे ते ठरवावे लागते.

आता पुराव्याचा मुख्य नियम. इंग्रजी विक्शनरीत, भरपूर लेखी साहित्य असलेल्या भाषेतला शब्द सर्रास वापरात असल्याचे उघड नसेल, तर किमान तीन स्वतंत्र लेखनांतले, निदान वर्षभराच्या काळात पसरलेले वापर दाखवावे लागतात. कमी लेखी साहित्य असलेल्या भाषांना सवलत आहे; तिथे एक भरवशाचा आधारही चालतो. वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोली यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी या सवलतीचा पुरेपूर उपयोग करावा. ‘वापर’ आणि ‘उल्लेख’ यांत फरक केला जातो हेही ध्यानात ठेवायला हवे. एखाद्या लेखकाने कथेत शब्द योजला तर तो वापर. एखाद्या यादीत अमुक इंग्रजी शब्दाला अमुक मराठी प्रतिशब्द सुचवला तर तो उल्लेख. परिभाषाकोशांतले कितीतरी देखणे शब्द उल्लेखापलीकडे गेलेले नाहीत. त्यांना नोंद द्यायची असेल तर ‘सुचवलेला पारिभाषिक शब्द’ अशी खूण हवी. यंत्राने भाषांतर केलेली पाने पुराव्यात धरू नयेत, कारण तिथे शब्द कुणी बोललेलाच नसतो.

पुरावा मागणे हा अविश्वास नव्हे, हे अमेरिकेतल्या एका चिठ्ठीवरून पटते. वेब्स्टरच्या कोशाच्या १९३४च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा शब्द घनता या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर ‘D or d’, म्हणजे मोठा डी किंवा लहान डी, हे संक्षेप लिहिलेले होते. तिची वर्गवारी चुकली आणि अक्षरे एकत्र वाचली जाऊन शब्द तयार झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले, की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही. तो पुस्तकातून जायला १९४७ उजाडले. ऑनलाइन कोशात अशी चूक एका क्षणात काढता येते हे खरे, पण तोवर ती दहा संकेतस्थळांनी उचललेली असते, आणि पुढे कुणी त्याच संकेतस्थळांचा हवाला देऊन ती परत आणतो.

नोंदींची संख्या वाढवण्याच्या हव्यासापासूनही नव्यांनी दूर राहावे. मादागास्करच्या मालागासी भाषेतली विक्शनरी स्वयंचलित यंत्रांनी घातलेल्या लाखो नोंदींमुळे आकड्यांत अवाढव्य झाली आहे. मोल्सवर्थ उचलून जसाच्या तसा ओतला तर मराठीतही हे करता येईल. तो प्रताधिकाराच्या बाहेर आहे आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ऑनलाइन वाचता येतो. पण त्याचे लेखन १८५७चे, वर्णने त्याच्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेची, आणि पुष्कळ अर्थ आज बदललेले. तो आधार म्हणून अमूल्य आहे. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही तसाच, आणि जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश. शब्दाचे लिंग, मूळ, अर्थ ही माहिती कुणाच्या मालकीची नसते. ती सांगणारी वाक्यरचना मात्र लेखकाची असते. वाचावे तिथून, लिहावे आपल्या शब्दांत, आणि आधार नमूद करावा.

मराठी संपादकांपुढे एक जुना वाद पुन्हा पुन्हा येतो. ‘बस’, ‘तारीख’, ‘अर्ज’ हे परके शब्द कोशात कशाला, असे विचारत कुणी ते काढून टाकतो. भाषेवरच्या प्रेमापोटीच हे होते, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे: शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, आणि सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रुजवले. पण ‘दिनांक’ आल्याने ‘तारीख’ गेली नाही. अर्जाच्या वर दिनांक लिहिणारा माणूस फोनवर ‘लग्नाची तारीख ठरली का’ असेच विचारतो. कोशाने दोन्ही नोंदवावेत आणि कोणता कुठे वापरतात ते सांगावे. अपमानकारक शब्दांचेही तेच. ते लपवल्याने बोलण्यातून जात नाहीत, पण त्यांच्यावर ‘अपमानकारक’ ही ठळक खूण नसेल तर परक्या वाचकाची फसगत होते आणि कुणाला तरी जखम होते.

सरावासाठी विकी प्रकल्पांत ‘धूळपाटी’ असते आणि सर्वांनी मिळून बोलायला ‘चावडी’. पहिली काही संपादने धूळपाटीवर करावीत. प्रत्यक्ष पानावर आल्यावर प्रत्येक बदलाचा एका ओळीचा आढावा लिहावा: ‘स्त्रीलिंगी अर्थ वेगळा केला, उदाहरण जोडले’. ही ओळ न लिहिणाऱ्याचे चांगले कामही उलटवले जाण्याची शक्यता वाढते, कारण गस्तीवरच्या माणसाला हेतू कळत नाही. बदल उलटवला गेला तर परत उलटवू नये. चर्चा पानावर कारण विचारावे, आपला आधार द्यावा आणि दोन-चार दिवस वाट पाहावी. तिथली माणसे स्वयंसेवक आहेत. त्यांनाही नोकऱ्या, परीक्षा, घरे आहेत.

ज्यांना वाक्ये लिहिण्यापेक्षा माहिती तक्त्यात बसवणे आवडते, त्यांच्यासाठी विकिडेटा या भावंड प्रकल्पात २०१८पासून शब्दनोंदींचा वेगळा विभाग आहे. तिथे प्रत्येक शब्दाला क्रमांक, प्रत्येक रूपाला आणि प्रत्येक अर्थाला स्वतंत्र ओळख मिळते. त्या माहितीवर कोणतेच बंधन नाही, तर विक्शनरीच्या मजकुराचा पुनर्वापर करताना श्रेय द्यावे लागते आणि त्याच परवान्याखाली तो पुढे द्यावा लागतो. म्हणून विक्शनरीतला मजकूर तिकडे ओतू नये.

राहिला प्रश्न कोणत्या शब्दापासून सुरुवात करायची. ‘आई’, ‘घर’, ‘पाणी’ यांची पाने कुणी ना कुणी लिहिलेली असतातच. आपल्या व्यवसायात, गावात, घराण्यात जे बोलले जाते ते घ्यावे. पश्चिम महाराष्ट्रात जो कुळव, तोच विदर्भात आणि खानदेशात वखर. दोन नोंदी एकमेकींना जोडणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीइतके नेटके दुसरे कुणी करणार नाही. किंवा ‘कोयता’ घ्या. कोशात तो वाकड्या पात्याचे हत्यार म्हणून मिळतो. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबात मात्र एक कोयता म्हणजे तोडणीला येणारे नवरा-बायकोचे जोडपे, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्यांना हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. बीड आणि नगरच्या गावांतून दरवर्षी कारखान्यांकडे निघणाऱ्या लाखो मजुरांच्या तोंडी हे अर्थ आहेत आणि वर्तमानपत्रांत, संशोधन अहवालांत ते अनेकदा छापून आले आहेत, म्हणजे तीन स्वतंत्र आधारांची अट सहज पुरी होते. अर्थ क्रमांक दोन, संदर्भक्षेत्र ऊसतोडणी, तीन दिनांकित उद्धरणे, ‘उचल’, ‘मुकादम’, ‘टोळी’, ‘मोळी’ यांच्याकडे नेणारे दुवे, आणि ‘अर्धा कोयता’साठी वेगळे पान. पुढच्या प्रकरणात ही नोंद पहिल्या ओळीपासून बांधायला घेतली आहे.